वैद्यकविद्येचा उंबरठा आणि त्याच्या अलीकडची वाट



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला प्रतिवर्षी भरते, त्यांनी आपली सारी हयात या तालुक्याच्या गावी रुग्णसेवेत घालविली, आणि त्यांच्या दवाखान्याच्या माडीवर परगावची गरीब मुले राहून शिकत असत, हे या सभागृहातील पुष्कळांस स्वानुभवाने ठाऊक आहे. त्यांच्या स्मृतीस अनुरूप विषय कोणता, याचा विचार करिताना मला वाटले की, ज्याच्या घरात पूर्वी कोणी पदवी घेतलेली नाही, ज्याचे शिक्षण मध्येच तुटले, किंवा ज्याचे वय प्रवेशाच्या रूढ वयापुढे गेले, असे मूल वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात पाऊल टाकते ते नेमके कशाच्या आधाराने, याचाच आज सावकाश विचार करावा.

दरवर्षी निकाल लागले की आपल्या वर्तमानपत्रांत एका ठराविक धाटणीचा मजकूर प्रसिद्ध होतो. ऊसतोड कामगाराचा मुलगा, भाजी विकणाऱ्या विधवेची मुलगी, पत्र्याच्या खोलीतला अभ्यास, आणि या सर्वांवर मात करणारी जिद्द. त्या मुलांच्या कर्तृत्वाविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. तथापि अशा मजकुराने एक अपसमज दृढ होतो, तो असा की उणीव असते ती जिद्दीची, आणि ज्याच्यापाशी जिद्द आहे त्याला दार आपोआप उघडते. माझा आयुष्यभराचा अध्यापनाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. जिद्द या देशात खेडोपाडी विपुल आहे. दुर्मिळ आहे ती जिद्दीच्या पायाखाली वाट घालून देणारी व्यवस्था. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या भिल्ल कुटुंबात जन्मलेले, जन्मापूर्वीच पितृछत्र हरपलेले आणि मोहाच्या दारूवर गुजराण करणाऱ्या आईने वाढविलेले डॉ. राजेंद्र भारूड मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, पुढे भारतीय प्रशासन सेवेत जाऊन नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले, आणि त्यांनी आपली हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. ती हकीकत सांगताना आपण मातेच्या कष्टांपाशी थांबतो, आणि थांबावे हे योग्यच आहे. परंतु त्याच हकीकतीत जवाहर नवोदय विद्यालय आहे, म्हणजे सहावीत प्रवेश दिलेल्या मुलाला निवास, भोजन, पुस्तके आणि शिक्षक सरकारी खर्चाने पुरविणारी, १९८६ च्या सुमारास देशभर सुरू झालेली एक योजना आहे. ती योजना वगळून ती हकीकत सांगणे म्हणजे तिचा अर्धा भाग दप्तरदाखल करणे होय.

हे सूत्र हाती घेऊन थोडे मागे जाऊ.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत भाऊ दाजी लाड होते. गोव्यातील मांद्रे या गावी १८२२ च्या सुमारास साधारण स्थितीच्या घरी जन्मलेला हा मुलगा कुटुंबाबरोबर मुंबईस आला, एल्फिन्स्टनमध्ये शिकला, तेथेच अध्यापनाच्या कामास लागला, आणि कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवरील निबंधाबद्दल त्याने पारितोषिकही मिळविले. म्हणजे एक धंदा हाती आलेला असताना तो सोडून पुन्हा विद्यार्थी होणारा असा हा मनुष्य होता, आणि १८५१ साली जे पहिले पदवीधर त्या महाविद्यालयातून बाहेर पडले त्यांत त्याची गणना झाली. आपल्या प्रांतातील आधुनिक वैद्यकीय शिक्षणाच्या अगदी पहिल्या तुकडीतच आडवाटेने आलेला विद्यार्थी होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण ‘नेहमीची वाट’ म्हणून आज जी मानली जाते ती नंतर पडलेली आहे.

परंतु ज्या एका जीवनाने मला हा विषय सर्वांत स्पष्ट करून दाखविला, ते डॉ. रखमाबाईंचे. त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईस, सुतार जातीच्या कुटुंबात झाला. वडील लवकर वारले. त्या जातीत पुनर्विवाहास मज्जाव नसल्यामुळे आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. हे गृहस्थ स्वतः डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि विचाराने उदार होते. असे घर असूनही रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी झाले आणि शाळा सुटली. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून त्यांनी घरीच वाचन चालू ठेविले. पुढे नवऱ्याने आपल्या घरी नांदावयास बोलाविले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला, आणि १८८४ साली प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले.

त्या दाव्याचा इतिहास पुष्कळांस माहीत आहे, म्हणून मी तो थोडक्यात सांगतो. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यावर अपील होऊन दावा फेरसुनावणीस गेला. आणि १८८७ च्या मार्चात न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, नवऱ्याच्या घरी जावे अथवा सहा महिन्यांचा कारावास भोगावा. बावीस वर्षांच्या त्या स्त्रीने तुरुंग पत्करीन असे कळविले. लोकमान्यांचा ‘केसरी’ त्यांच्या विरुद्ध होता. उलट, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त १८८५ साली ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहावर आलेली जी पत्रे विलायतेपर्यंत गाजली, ती त्यांच्याच लेखणीची होती. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन दादाजीने हुकमाची बजावणी सोडून दिली.

आता क्षणभर अशी कल्पना करा की, याच स्त्रीचा प्रवेशअर्ज आजच्या एखाद्या महाविद्यालयाच्या टेबलावर आलेला आहे. वय पंचविशीच्या घरात. शाळेचे रीतसर शिक्षण अकराव्या वर्षी थांबलेले. विवाहित, परंतु पतीपासून विभक्त, आणि न्यायालयाच्या हुकमाखाली नाव आलेले. जात कारागिराची. सावत्र पिता, ज्यांचा आधार होता, ते १८८५ सालीच दिवंगत. नियमांच्या चौकटीत बसवून पाहणारा कोणताही प्रामाणिक कारकून हा अर्ज बाजूला ठेवील, आणि त्यात त्याचा दोषही नसेल. तरीही १८८९ साली रखमाबाई इंग्लंडास गेल्या, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत शिकल्या, १८९४ साली एडिंबरो व ग्लासगो येथील वैद्यकमंडळांची सनद घेऊन पात्र झाल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे काम केले. हे घडले कसे?

जिद्द होती, आणि ती कोणत्या प्रतीची होती हे तुरुंगाविषयीच्या उत्तरावरून दिसतेच. पण जिद्दीला बोटीचे तिकीट काढता येत नाही. मुंबईत त्या वेळी डॉ. एडिथ पीची या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या, त्यांनी रखमाबाईंस हा मार्ग दाखविला आणि खर्चासाठी पैसा उभा करण्यास हातभार लावला. लंडनमध्ये ईव्हा आणि वॉल्टर मॅक्लारेन या दांपत्याने त्यांस आपल्या घरी ठेवून घेतले. आता या पीचीबाई कोण, हे पाहिले म्हणजे माझ्या म्हणण्याचा गाभा हाती येतो. १८६९ साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी ज्या मोजक्या स्त्रिया दाखल झाल्या, त्यांपैकी त्या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या प्रथम प्रयत्न करणाऱ्यांत पहिल्या आल्या, तरी त्या विषयाची शिष्यवृत्ती त्यांस नाकारून त्यांच्या खालच्या पुरुष विद्यार्थ्यास देण्यात आली. सर्जन्स हॉलपाशी जमावाने या स्त्रियांवर चिखलफेक केली. आणि १८७३ साली स्कॉटलंडच्या न्यायालयाने ठरविले की विद्यापीठास त्यांना दाखल करून घेण्याचा अधिकारच नव्हता. पीचीबाईंनी पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पदवी घेतली आणि १८७७ साली आयर्लंडच्या वैद्यकमंडळाकडून सनद मिळविली. त्यांच्याच सहाध्यायिनी सोफिया जेक्स-ब्लेक यांनी, दार बंद झाल्यानंतर, १८७४ साली लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकशाळा काढली. तिला रुग्ण पाहण्यासाठी १८७७ साली रॉयल फ्री रुग्णालय मिळाले. आणि १८८६ साली स्कॉटलंडची परीक्षकमंडळे स्त्रियांस परीक्षेस बसवू लागली. इकडे मुंबईत जॉर्ज किट्रिज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी वैद्यकनिधी उभा केला, पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयास देणगी दिली, आणि त्या निधीच्या निमंत्रणावरून १८८३ च्या अखेरीस पीचीबाई मुंबईस आल्या.

एवढी साखळी अगोदर घडून आली होती, तेव्हा कुठे रखमाबाईंच्या पायाखाली वाट आली. तीतील एकेक कडी काढून पाहा. लंडनची शाळा नसती, रॉयल फ्री रुग्णालयाने दार उघडले नसते, स्कॉटिश मंडळांनी नियम बदलला नसता, मुंबईत वर्गणी जमली नसती, मॅक्लारेन यांच्या घरी खोली नसती, तर रखमाबाई धैर्यवान स्त्री म्हणून इतिहासात राहिल्या असत्या, डॉक्टर म्हणून नव्हे. आणि मला सर्वांत हृद्य वाटते ते हे की, ही साखळी ज्यांनी ओवली त्यांपैकी कित्येक स्वतः एकदा दाराबाहेर ठेविले गेलेले होते, आणि आत शिरल्यावर त्यांनी प्रथम काय केले, तर मागून येणारीसाठी नियम बदलून घेतला.

आता आपल्या काळाकडे वळतो. स्वतंत्र भारताच्या घटनेत पहिली दुरुस्ती झाली तिच्या कारणांत वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रवेशाचा तंटाही होता, हे अनेकांच्या लक्षात नसते. मद्रास सरकारच्या जातवार जागावाटपाचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली रद्द केला, आणि त्याच वर्षी संसदेने पंधराव्या अनुच्छेदात चौथे कलम घालून सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यांस दिला. त्यानंतरचा सारा वाद गुणवत्ता विरुद्ध राखीव जागा अशा भाषेत चालत आला. २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्याच एका प्रकरणात असा विचार मांडला की, स्पर्धापरीक्षेतील गुण हे गुणवत्तेचे एकमेव माप मानता येत नाही, कारण त्या गुणांमागे घरचे शिक्षण, शाळा, वेळ आणि पैसा यांचे पाठबळ उभे असते. न्यायालयाने शब्दांत मांडलेली ही गोष्ट खेड्यातल्या शिक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी दिसत आलेली आहे.

वैद्यकीय प्रवेशाची नीट ही परीक्षा आता देशभर एकच आहे. २०१७ पासून महाराष्ट्रातील सर्व जागाही तिच्याच गुणांवर भरल्या जातात. ७२० गुण, बरोबर उत्तरास चार, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. २०२४ साली २३ लाखांहून अधिक उमेदवार तिला बसले, आणि वैद्यकीय पदवीच्या जागा देशभर लाखाच्या थोड्या वर होत्या. या परीक्षेची बाजूही मी मांडली पाहिजे. पूर्वी खाजगी महाविद्यालये आपापल्या परीक्षा घेत आणि त्यांच्या आडून देणग्यांचा बाजार चाले. एका परीक्षेने त्यास पुष्कळ आळा बसला. वयाच्या बाबतीतही नियम सुधारला: काही वर्षे सर्वसाधारण उमेदवारास २५ व राखीव प्रवर्गांस ३० वर्षांची कमाल मर्यादा घातलेली होती, तिच्यावर न्यायालयांत झगडे झाले, आणि २०२२ साली ती रद्द झाली. ओडिशातील एक निवृत्त बँक अधिकारी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी या परीक्षेतून वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले, ही अपवादात्मक गोष्ट वर्तमानपत्रांनी आवडीने छापली. परंतु त्या मर्यादेचा खरा जाच होता तो परिचारिका म्हणून काही वर्षे नोकरी करून, धाकट्या भावंडांची शिक्षणे उरकून, मग स्वतःचा अर्ज भरू पाहणाऱ्या मुलीस.

एवढे मान्य करूनही परीक्षेपूर्वीची दोन वर्षे ज्याला विकत घ्यावी लागतात त्याचे काय, हा प्रश्न राहतो. लातूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे, किंवा थेट कोटा, येथील शिकवणीवर्ग, खाणावळ आणि खोली यांचा खर्च लाखांत जातो, आणि पहिल्या वर्षी गुण कमी पडले तर ‘रिपीट’ करावयाचे म्हणजे आणखी एक वर्ष तेवढाच खर्च. ज्या घरी मूल अठरा वर्षांचे झाले की त्याच्या मजुरीची वाट पाहिली जाते, त्या घरास एक वर्ष थांबणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. तमिळनाडूने याचा अभ्यास करविला, न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीस २०२१ साली असे आढळले की, ही परीक्षा लागू झाल्यावर ग्रामीण, गरीब आणि तमिळ माध्यमातील मुलांचे वैद्यकीय प्रवेशांतील प्रमाण घटले. त्याच्या आदल्या वर्षीच त्या राज्याने कायदा करून, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या आणि नीट उत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखून ठेविल्या होत्या. परीक्षा तीच राहिली, आणि सरकारी शाळेतील मुलांस आत जाण्याची वाट मिळाली. आपल्याकडे अशी तरतूद का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

भाषेविषयी मी विस्ताराने बोलणार होतो, पण एवढेच सांगतो: नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, तरी मराठीतून परीक्षा देणारे फार थोडे, कारण अकरावी-बारावीचे विज्ञान आपल्याकडे बहुतेक इंग्रजीतून शिकविले जाते. १८२६ साली मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी सरकारी शाळा निघाली होती, तिच्यासाठी डॉ. मॅक्लेनन यांनी मराठीत ग्रंथही करविले, आणि सहाच वर्षांत सरकारने ती बंद केली. त्या सहा वर्षांत जे काम आरंभिले होते ते पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षांत आपण पुरे केले नाही, याचा खेद वाटतो.

यानंतर येतो तो कागद. परीक्षेविषयी सारे बोलतात, कागदाविषयी कोणी बोलत नाही. वास्तविक मी प्रवेशाच्या काळात मुलांच्या डोळ्यांत पाणी पाहिले ते गुणांमुळे कमी आणि कागदांमुळे अधिक. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, आणि या सर्वांच्या शिरावर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे मुलांच्या बोलीत नुसते ‘व्हॅलिडिटी’. २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ अन्वये पडताळणी समितीपुढे अर्जदारास आपल्या कुळाचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो ठराविक तारखेच्या अगोदरचा असावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७.

ही अट अकारण घातलेली नाही. खोट्या दाखल्यांनी आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या आहेत. हलबा-कोष्टींना आदिवासी मानावे की नाही, हे प्रकरण २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे आले तेही वैद्यकीय प्रवेशातूनच उद्भवलेले होते. परंतु ज्या तारखा मी वाचल्या त्या ज्याच्यावर लागू होतात त्याच्या बाजूने पाहा. १९६१ पूर्वी पालावर राहून गावोगाव हिंडणाऱ्या कुटुंबाचा कागद कोणत्या चावडीवर असेल? आजा शाळेत गेला नाही म्हणून शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत त्याचे नाव नाही. जमीन नव्हती म्हणून सातबारा नाही, फेरफार नाही. उरते ती जन्ममृत्यूची कोतवाल बुकातील नक्कल, आणि ती सापडलीच तर बहुधा मोडीत असते, कडा वाळवीने खाल्लेल्या असतात, जातीच्या रकान्यात स्थानिक बोलीतले नाव असते, आणि ते नाव शासनाच्या यादीतल्या नावाशी अक्षरशः जुळत नाही. मग एखाद्या चुलत्याची व्हॅलिडिटी झालेली आहे का याचा शोध, वंशावळीचे शपथपत्र, सेतू केंद्र, तहसील, प्रांतांची कचेरी, जिल्ह्याची समिती, त्रुटीपत्र, आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्याच्या घरी नोकरदार पिढी होऊन गेली आहे त्याची फाइल तयार असते. ज्याच्यासाठी ही सवलत मुळात निर्माण केली त्याची फाइल सर्वांत पातळ असते. प्रवेशफेरीची मुदत मात्र दोघांस एकच. शासन कधी मुदतवाढ देते, कधी अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देते, तरी दरवर्षी काही मुले गुण असून, जागा असून, केवळ एका नकलेअभावी परत गेलेली मी पाहिली आहेत. त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत मजकूर येत नाही.

दाराच्या आत गेल्यावरही वाट संपत नाही, याला आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण पुरेसे आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकविद्यालयाने, अधिष्ठात्री रेचल बॉडली यांच्या पुढाकाराने, या अठरा वर्षांच्या मुलीस तिच्या अपुऱ्या शिक्षणासह स्वीकारले. १८८६ च्या मार्चात ती पदवीधर झाली. आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्याच्या आत, क्षयाने पुण्यास निवर्तली. शिकणाऱ्याचे शरीर आणि मन सांभाळणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शरीररचनाशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ उघडून बसलेले आणि एका पानावर संध्याकाळ घालविणारे विद्यार्थी मी पाहिलेले आहेत. त्यांस विषय कठीण नसे, वाक्य कठीण असे, आणि ते कोणास विचारावयाचे तर आपला प्रवर्ग उघड होईल ही धास्ती असे. रँक किती, असा वरवर साधा प्रश्न वसतिगृहात पहिल्या दिवशी विचारला जातो तेव्हा त्यातून जात विचारलेली असते, हे विचारणारा व ऐकणारा दोघेही जाणतात. आदिवासी समाजातून येऊन मिरजेस पदवी घेतलेल्या आणि मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असलेल्या डॉ. पायल तडवी यांचा २०१९ च्या मे महिन्यात अंत झाला. ते प्रकरण न्यायालयापुढे असल्याने मी त्यावर भाष्य करीत नाही, पण त्या बातमीनंतर अनेक तालुक्यांतील आईबाप मुलीस पुढे पाठवावे की नाही या विचारात पडले, एवढे मला माहीत आहे.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो, आणि तो मनापासून घेणारी सज्जन माणसे मला भेटलेली आहेत: कमी गुणांवर आलेल्या डॉक्टराच्या हाती आपण प्राण द्यावे काय? त्यांस मी नम्रपणे एवढेच स्मरण देतो की, प्रवेशाचे गुण प्रवर्गानुसार वेगवेगळे असतात, परंतु साडेचार वर्षांतील विद्यापीठाच्या परीक्षा सर्वांस त्याच असतात, उत्तीर्णतेची रेषा एकच असते, आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर अथवा प्रसूतिकक्षात कोणास सवलत मिळत नाही. डॉक्टर तेथे घडतो. शिवाय गुणवत्तेची व्याख्याच थोडी रुंद करून पाहण्याचा प्रयोग आपल्याच प्रांतात झालेला आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी गांधीशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सेवाग्रामास जे वैद्यकीय महाविद्यालय स्थापिले, तेथील प्रवेशपरीक्षेत दीर्घकाळ गांधीविचाराची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे, आणि दाखल झालेल्या मुलांस आरंभी आश्रमात राहावे लागे व पुढे एका दत्तक खेड्याशी नाते जोडावे लागे. एकच देशव्यापी परीक्षा आल्यावर ती प्रश्नपत्रिका गेली. ती होती तशीच परत आणावी असे मी म्हणत नाही. पण रुग्णाची बोली समजणे, त्याचे दारिद्र्य न सांगता ओळखणे आणि त्याच्या गावी राहावयास तयार असणे हेही डॉक्टराचे गुण आहेत, आणि ते मोजण्याचे एकही साधन आज आपल्यापाशी नाही.

मग करावयाचे काय? शासनाने करावयाच्या गोष्टी शासनास सांगितल्याच पाहिजेत: वैधतेचा अर्ज दहावीपूर्वीच शाळेने भरून घ्यावा, आणि जुन्या नोंदी शोधण्याचा भार अठरा वर्षांच्या मुलावर न टाकता ज्या दप्तरखान्यात त्या पडून आहेत त्याने उचलावा, सरकारी शाळांतील मुलांसाठी तमिळनाडूप्रमाणे जागा राखाव्यात, आणि पहिल्या वर्षाच्या आरंभी काही आठवडे इंग्रजी वैद्यकीय वाचनाचे पूर्वशिक्षण सर्वांसाठी ठेवावे, सर्वांसाठीच, म्हणजे त्यात कोणी वेगळा दिसणार नाही. मेळघाटातील मुलांस पुण्यात आणून मोफत शिकविण्याचे काम पुण्याच्याच वैद्यकीय विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले, त्यावरून हे काम किती थोड्या साधनांनी होऊ शकते ते दिसते.

परंतु या सभागृहापुरते माझे मागणे लहान आहे. येथे महसूल खात्यातून निवृत्त झालेले तलाठी, मंडल अधिकारी व अव्वल कारकून बसलेले आहेत, शिक्षक आहेत, आणि मोडी वाचता येणारी दोन-चार वडीलधारी मंडळी तरी निश्चित आहेत. या तालुक्यातील आश्रमशाळांत व हायस्कुलांत आज नववीत जी मुले विज्ञानाकडे वळू पाहत आहेत, त्यांच्या याद्या मुख्याध्यापकांकडून मागवून घ्याव्यात. प्रत्येक मुलाच्या आज्याच्या नावाची नक्कल कोणत्या गावच्या दप्तरात असण्याचा संभव आहे ते त्याच्या आईबापांशेजारी बसून ठरवावे. आणि तीन वर्षांनी प्रवेशफेरीची तारीख लागेल तेव्हा त्या मुलाच्या हाती पुरी फाइल असेल अशी तजवीज आजच आरंभावी. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी त्यासाठी या इमारतीतील मागची खोली दर रविवारी सकाळी उघडी ठेवण्याचे मान्य केले आहे, आणि ज्यांस या कामी येण्याची इच्छा असेल त्यांनी बाहेरच्या टेबलावरील वहीत आपले नाव व गाव लिहून जावे.